वाचकांचे प्रश्न : चार दिवसांची मुंबई आणि चार मित्र

डिसेंबर जवळ आला की परदेशी शिकणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रे या सदराकडे अधिक येऊ लागतात. त्यांतली तीन पत्रे या अंकासाठी निवडली आहेत, कारण तिन्ही पत्रांचा विषय मुंबईतल्या मित्रमैत्रिणींची भेट हाच आहे. पहिल्या पत्राला मी बरीच जागा दिली आहे. त्यात शेवटी विचारलेली गोष्ट थोडक्यात उरकावी अशी नाही.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी मूळचा मिरजेचा. मुंबईत माटुंग्याला वसतिगृहात राहून अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि सध्या जर्मनीत स्टुटगार्ट येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. पंधरा महिन्यांनी प्रथमच घरी येतो आहे. सुटी सोळा दिवसांची असून त्यांतले शेवटचे चार दिवस मी मुंबईसाठी राखून ठेवले आहेत. वसतिगृहातले माझे चार जिवलग मित्र आता विरार, खारघर, पवई आणि बदलापूर अशा चार दिशांना राहतात. सर्वांना एका संध्याकाळी एखाद्या चांगल्या हॉटेलात बोलवावे, असा माझा विचार आहे. उरलेल्या वेळात दोन प्राध्यापक आणि मुलुंडचे मामा यांनाही भेटायचे आहे. मात्र बदलापूरच्या मित्राची आठवण झाली की मन धास्तावते. आम्ही दोघांनी जर्मनीची सारी तयारी बरोबरीने केली होती. जर्मनीसाठी आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासणाऱ्या एपीएस या कार्यालयाचे प्रमाणपत्रही एकाच आठवड्यात हाती आले होते. त्यानंतर त्याच्या वडिलांवर हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली, ब्लॉक्ड अकाउंटसाठी, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम ज्यात आधीच भरून ठेवावी लागते त्या खात्यासाठी, जमवलेले पैसे तिकडे गेले आणि त्याला प्रवेश सोडून द्यावा लागला. गेले काही महिने माझ्या संदेशांवर त्याच्याकडून अंगठ्याच्या चिन्हापलीकडे काही येत नाही. त्याच्यासमोर कसे जावे? राहावे कोणाकडे, आणि सर्वांसाठी न्यावे काय, हेही सांगावे. मला कृपया अहो-जाहो करू नये.

उत्तर : तुझ्या इच्छेप्रमाणे 'तू' म्हणते. एका संध्याकाळी सर्वांना हॉटेलात बोलावण्याचा बेत तू सोडून द्यावास, असे माझे स्पष्ट मत आहे. विरार चर्चगेटपासून ६० किलोमीटरवर आणि बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवर आहे. ही अंतरे तुझे मित्र रोज कापतात हे खरे असले, तरी दिवसभराचे काम आटोपून, सोयीचे नसलेले स्थानक गाठून, पुन्हा रात्री घराकडे निघताना त्यांच्यातल्या कोणाचे तरी लक्ष घड्याळाकडे लागलेले असणार. दुसरी अडचण याहून मोठी आहे. परदेशातून आलेला एक जण आणि समोर चौघे अशी बैठक जमली की चौघे विचारतात आणि एक जण सांगत राहतो. बर्फ, भाडे, प्राध्यापक, रेल्वे, भाषा, स्वयंपाक असे सगळे तुझेच सांगून होईल, आणि बिल येईल तेव्हा खारघरच्या मित्राने नोकरी का बदलली, हे विचारायचे तसेच राहून गेलेले असेल.

ही चूक मी केलेली आहे, म्हणून इतक्या आग्रहाने सांगते. मी १९८७ साली शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात पहिल्यांदा घरी आले. त्या काळी परदेशातून फोन करणे विद्यार्थ्याच्या खिशाला झेपत नसे. निळ्या एरोग्रामवर बारीक अक्षरांत, समासापर्यंत कागद भरून पत्रे लिहायची, एवढाच मार्ग होता. मुंबईत तीन दिवस मिळाले आणि त्या तीन दिवसांत मी नऊ घरच्या भेटी बसवल्या. गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर माझी शाळेपासूनची मैत्रीण राहत असे. तिच्या वाट्याला अर्धा तास आला होता. खाली टॅक्सी थांबवून ठेवून मी जिना चढले. ती एका शाळेत शिकवत असे आणि त्या दिवशी माझ्यासाठी तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, हे मला तिच्या सासूबाईंनी सांगितले. ओट्यावर जाळीखाली अळूवडीचे उंडे वाफवून ठेवलेले होते. मी आल्यावर ते कापून तळायचे, म्हणजे वड्या गरम मिळतील, असा तिचा बेत होता. तेल तापेपर्यंत खालून टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. पहिला घाणा निघाला तो तिने स्टीलच्या डब्यात भरून माझ्या हातात दिला आणि "जा, तुला उशीर होईल," असे म्हणाली. टॅक्सीत मी डबा उघडला तेव्हा झाकणाला आतून वाफ धरली होती आणि वरच्या वड्या मऊ पडल्या होत्या. त्यानंतरचे तिचे पत्र मला सात महिन्यांनी आले. तिने रागाचा एक शब्दही लिहिला नव्हता, पण पूर्वी दोन्ही बाजू भरून लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणीने त्या एरोग्रामची एकच बाजू भरली होती.

म्हणून तुझी यादी लहान कर. दोन्ही प्राध्यापकांना आधी ईमेल पाठवून एकाच सकाळी माटुंग्याला तासभर भेट, आणि मामांना मिरजेला बोलाव किंवा मुलुंडला जाताजाता चहापुरता थांब. नातेवाइकांचा रोष घेऊ नये हे मान्य, पण पहिल्या भेटीचा मोठा भाग तुझ्या मित्रांना मिळावा. एकेकाला गाठ, आणि शक्यतो तो जिथे राहतो तिथे जाऊन गाठ.

आता बदलापूरविषयी. त्याच्याकडे सर्वांत आधी जा. शुक्रवारी रात्री मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालास तर ती गाडी पहाटे बदलापूर ओलांडूनच पुढे जाते, पण तिथे थांबत नाही. कल्याणला उतरून बदलापूर किंवा कर्जतची लोकल घ्यावी लागते. कल्याणच्या फलाटावर सारी गर्दी मुंबईकडे तोंड करून उभी असते आणि तुझी उलट दिशेची लोकल त्या मानाने मोकळी मिळते. सामान घेऊन जाणाऱ्याला याहून सोयीची वेळ नाही. शनिवार असल्याने तोही बहुधा घरी असेल. मात्र येण्याआधी गटात संदेश टाकून मोकळा होऊ नकोस. त्याला एकट्याला फोन कर. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते. त्याच्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, जेवण होऊन तो जरा टेकलेला असतो, तेव्हा तुझ्याकडे पाच वाजलेले असतात. ती वेळ साध.

त्या अंगठ्याच्या चिन्हाचा अर्थही घाईने लावू नकोस. बदलापूरहून कामावर जाणारा माणूस सकाळी एका हाताने वरची कडी धरून, दुसऱ्या हातात फोन छातीशी धरून उभा असतो. तुझा पाच ओळींचा संदेश त्याने तिथे वाचला, तर अंगठा तेवढा देता येतो, आणि उतरल्यावर उत्तर लिहायचे राहून जाते. पण हे सर्व खरे धरले तरी त्याच्या मनात काहीच नसेल, असे मी तुला सांगणार नाही. ज्या गोष्टीसाठी दोघांनी वर्षभर एकत्र धडपड केली, ती एकाला मिळाली आणि दुसऱ्याची हुकली, तीही त्याच्या काही चुकीने हुकली नाही. याचे दुःख त्याला होणारच, आणि ते त्याने तुझ्यापासून लपवले तर तो त्याचा अधिकार आहे.

त्याच्यासमोर गेल्यावर तू गेल्याबद्दल क्षमा मागू नकोस. क्षमा मागितलीस की तुझे समाधान करण्याचे काम त्याच्यावर येऊन पडते. "अरे, तसे काही नाही," हे वाक्य त्याला म्हणावे लागते आणि तिथेच बोलणे संपते. त्याला बरे वाटावे म्हणून जर्मनीची निंदा करणेही टाळ. तिकडे फार एकटे वाटते, थंडी सोसत नाही, तू आला नाहीस तेच बरे झाले, असे बोलणे कितीही प्रेमाने केले तरी ऐकणाऱ्याला ते खोटे वाटते, कारण परतीचे तिकीट तुझ्या खिशात आहे हे त्याला ठाऊक असते. "पुढच्या वर्षी तूही ये" हे तर मुळीच म्हणू नकोस. जायचे असेल तर काय करावे लागते, हे त्याला तुझ्याइतकेच माहीत आहे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरायचे ११,९०४ युरो कोठून आणायचे याचे गणित त्याने घरात बसून मांडलेले आहे आणि वडिलांच्या खाटेशेजारी बसून पुसलेले आहे. तो स्वतःहून विचारील त्या दिवशी मात्र हातचे काही न राखता सगळी माहिती दे.

मग बोलावे काय? प्रथम त्याच्या वडिलांजवळ जाऊन बस. पथ्य कसे चालले आहे, जिना चढताना दम लागतो का, फिरायला कुठवर जातात, हे त्यांनाच विचार. आपल्या आजारपणामुळे मुलाचे शिक्षण राहिले ही टोचणी त्या गृहस्थांनाही असणार. मुलाचा मित्र आपल्याकडे पाहून अवघडला नाही, नीट मांडी घालून बसला, दोनदा चहा प्यायला, याने त्या घरात किती मोकळे वाटेल याची तुला कल्पना नाही. नंतर मित्राला त्याच्या कामाविषयी विचार, आणि खोलात शिरून विचार. तो कोणत्या यंत्रावर काम करतो, वरिष्ठ कसे आहेत, पगार वेळेवर होतो का, सकाळची कोणती लोकल पकडतो. तुमचे शास्त्र एकच आहे. तू ज्या गोष्टी प्रयोगशाळेत शिकतो आहेस, त्यांतल्या काही तो कारखान्याच्या जमिनीवर उभा राहून शिकला असेल, आणि त्या तुला ठाऊक नसतील. तुझ्या दैनंदिनीविषयी त्याने विचारले तर सरळ सांग, न फुगवता आणि न दडवता.

त्या रात्री तिथेच मुक्काम कर, पण आधी विचारून. वन रूम किचनच्या घरात पाहुणा म्हणजे अडचण, असे आपल्याकडे कोणी तोंडाने म्हणत नाही. जमिनीवर गादी घालून, माळ्यावरची उशी काढून जागा केली जाते. जाणाऱ्याने मात्र त्या घराचे वेळापत्रक जाणून घ्यावे. नळाला पाणी कधी येते, सकाळी आंघोळीला पहिला कोण जातो, आई डब्यासाठी किती वाजता उठते, हे झोपण्यापूर्वी विचार आणि आपली आंघोळ सर्वांच्या नंतर ठेव. ज्या घरातल्या माणसाला ७:१२ची लोकल गाठायची असते, त्या घरात ६:४०ला न्हाणीघराचे दार आतून बंद असणे ही साधी गोष्ट नव्हे. उरलेल्या रात्री पवईला काढता येतील, पण तिथल्या सोसायटीत पाहुण्याची नोंद फाटकावर, बहुधा मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून होते. मित्राने आधी नाव टाकून ठेवले नाही, तर रात्री अकरा वाजता सामानासह सुरक्षारक्षकाच्या खुर्चीशेजारी ताटकळावे लागते. कोणाच्याच घरी सोय नसली तर संकोच करू नकोस; मुंबई सेंट्रल स्थानकात २०२१ पासून पॉड हॉटेल आहे, एकट्या विद्यार्थ्याला रात्रीपुरते ते पुरते.

पाचही जणांनी एकत्र यायचेच असेल तर रविवारी दुपारी दादर ठरवा. विरारकर पश्चिम रेल्वेने आणि बदलापूरकर मध्य रेल्वेने थेट येतो, खारघरचा हार्बरने कुर्ल्याला येऊन गाडी बदलतो, पवईचा कांजूरमार्गहून येतो. कोणालाच फार वळसा पडत नाही. निघण्यापूर्वी मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते शनिवारी रात्री सर्वांनी पाहून ठेवावे, नाहीतर दुपारच्या गाड्या विस्कळीत होऊन दोघे कुर्ल्यालाच अडकतील. दादरला हॉटेलात जागा धरून बसण्यापेक्षा 'प्रकाश' उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पीयूष घेऊन शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसा. हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. त्याच्या कडेच्या बुटक्या भिंतीवर बसून बोलत राहणाऱ्या माणसाला कोणी उठ म्हणत नाही. मैत्रीला लागणारी ही मोकळी जागा मुंबईत फार थोड्या ठिकाणी उरली आहे, म्हणून मला त्या कट्ट्याविषयी विशेष माया आहे. एका संध्याकाळी विरारच्या मित्राबरोबर चर्चगेटपासून त्याच्या नेहमीच्या गाडीने घरापर्यंत जा. तो दरवाजात कुठे उभा राहतो, कोणाला हात करतो, जागा मिळाली तर आधी कोणाला देतो, हे पाहिलेस म्हणजे गेल्या पंधरा महिन्यांतला त्याचा दिवस तुला कळेल. मात्र पाठीवरची पिशवी पुढे छातीवर घे. तुझी सवय मोडली असणार.

पैशांचा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो उभा राहीलच. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात. रुपयांत मोजले तर आकडा लाखाच्या घरात जातो आणि मित्रांना तेवढाच ऐकू येतो. खोलीचे भाडे, आरोग्य विमा आणि किराणा गेल्यावर किती उरते हे त्यांना दिसत नाही, आणि विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवसच काम करता येते हेही ठाऊक नसते. विचारले तर ही बाजू एकदा सांगून टाक. सर्वांचे बिल एकट्याने भरण्याचा आग्रह धरू नकोस. वसतिगृहात तुमचे 'टीटीएमएम', म्हणजे 'तू तुझे, मी माझे', चालत असेल तर आताही तेच चालू द्या. नाहीतर एकदा त्याने, एकदा तू. बदलापूरच्या मित्राने वडापावचे पैसे दिले तर ते देऊ दे. त्याच्या हातातली नोट मागे ढकलून आपला फोन पुढे करणे, हा त्या क्षणी अपमान होतो.

फोनवरून आठवले. भारतातला जुना मोबाइल क्रमांक किमान रिचार्ज करून चालू ठेवला असशील तर उत्तम. तो बंद पडला असला तर बँकेचा ओटीपी येत नाही आणि यूपीआयही चालत नाही, आणि मुंबईत आज भाजीवालीकडेही क्यूआर कोड असतो. शिवाय शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी परकीय चलनाच्या कायद्यानुसार अनिवासी मानला जातो, असे रिझर्व्ह बँकेने २००३ सालीच स्पष्ट केले आहे. तुझे जुने बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचे रुपयांतले खाते, करून घ्यायचे राहिले असेल तर मिरजेच्या मुक्कामात शाखेत जाऊन ते काम उरक.

भेटवस्तूंविषयी माझे मत थोडे कडक आहे. विमानतळावरच्या दुकानातून एकाच प्रकारच्या चॉकलेटची चार खोकी घेऊन ती चौघांना वाटू नकोस. ज्याला जे उपयोगी पडेल ते आण, लहान असले तरी चालेल: चांगला व्हर्नियर कॅलिपर, थंडीचे मोजे, किंवा वडिलांसाठी हातात बसेल असा थर्मास. कोणी नवा फोन किंवा लॅपटॉप आणायला सांगितला तर आधी सीमाशुल्काचे नियम बघ, कारण स्वतःच्या वापराचा एक लॅपटॉप सोडला तर बाकीच्या नव्या वस्तूंची किंमत करमाफीच्या मर्यादेत मोजली जाते.

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये शिकते. आम्ही चिपळूणला असतो. नाताळच्या सुटीत ती वीस दिवसांसाठी येणार असून त्यांतले सहा दिवस मुंबईत मैत्रिणींबरोबर घालवणार, असे तिने परस्पर ठरवले आहे. विमानातून उतरल्यावर आधी तिथेच राहणार आणि मग घरी येणार. आम्ही दोघे वर्षभर दिवस मोजत आहोत. तिला काही बोलले तर जुनाट विचारांचे ठरू, आणि न बोलले तर आतल्या आत कुढत राहू. काय करावे?

उत्तर : तुम्ही जुनाट नाही, वर्षभराने येणारे लेकरू आधी आपल्या दारात यावे असे वाटण्यात गैर काहीही नाही. तिला हे फोनवर शांतपणे सांगावे, आणि सांगताना मैत्रिणींना उणे लेखू नये. ज्या मुलींबरोबर तिने मुंबईत खोली वाटून घेतली, ताप आला असता ज्यांनी रात्री उशाशी बसून काढल्या, त्या तिच्या दृष्टीने घरातल्याच आहेत. "मैत्रिणी काय, नेहमीच्याच" हे वाक्य तिला फार लागेल.

मी तुमच्या जागी असते तर सहा दिवसांवर वाद न घालता त्यांचा क्रम बदलण्याची विनंती केली असती. लांबच्या प्रवासाने उलटसुलट झालेली झोप, बदललेले पाणी आणि मनात घराची ओढ असताना पहिले दिवस मैत्रिणींनाही धड मिळत नाहीत. ती त्यांच्या घरी दुपारी झोपून राहील आणि रात्री दोनला जागी होईल. तिने आधी घरी यावे, आईच्या हातचे जेवून, झोपून ताजेतवाने व्हावे आणि शेवटचे पाच-सहा दिवस मुंबईला जावे, कारण परतीचे विमानही तिथूनच आहे. शेवटच्या दिवशी तुम्ही दोघांनी मुंबईला येऊन तिला निरोप द्यावा. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून कफ परेडपर्यंत धावते आणि तिचे एक स्थानक विमानतळाच्या टर्मिनल दोनलाच आहे. दादरला उतरलेल्या माणसाला आता विमानतळ पूर्वीसारखा दूर राहिलेला नाही.

आणखी एक सुचवते. तिच्या दोन मैत्रिणींना तीन दिवसांसाठी चिपळूणला बोलवा. मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलींना अंगण, विहीर आणि गरम भाकरी यांचे अप्रूप असते, आणि तुम्हालाही तुमच्या लेकीचे हसणे स्वयंपाकघरातून ऐकता येईल. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी खुले होते आणि वर्षअखेरीस कोकण रेल्वेच्या गाड्या लगेच भरतात; तारखा ठरताच तिकिटे काढावीत.

प्रश्न : मी परळला पेइंग गेस्ट म्हणून राहते. खोलीत आम्ही तिघी आहोत आणि घरमालकीणबाई रात्रीचा पाहुणा चालवून घेत नाहीत. परदेशी शिकणारी माझी मैत्रीण चार दिवस माझ्याकडेच राहणार असे गृहीत धरून आली तर तिला नाही कसे म्हणावे?

उत्तर : आजच, ती तिकीट काढण्यापूर्वी सांगावे. कारण खरे आहे, तेव्हा त्याला मऊ वेष्टन चढवण्याची गरज नाही: "मालकीणबाईंचा नियम आहे, मोडला तर माझी जागा जाईल." त्याच फोनमध्ये पुढचे वाक्यही असू द्यावे, म्हणजे नकार एकटा पडणार नाही. तिच्यासाठी जवळपास एखादी स्वच्छ खोली तुम्ही आधी स्वतः पाहून, पायऱ्या चढून, न्हाणीघर उघडून खात्री करून घ्यावी आणि भाडे सांगावे. जमल्यास एक रात्र तुम्हीही तिच्याबरोबर तिथे राहावे आणि त्या रात्रीचे भाडे अर्धे-अर्धे वाटून घ्यावे. मालकीणबाईंना दिवसा घरी येण्याविषयी विचारून ठेवावे. रात्रीला नाही म्हणणाऱ्या बऱ्याच मालकीणबाई दुपारच्या चहाला हरकत घेत नाहीत, आणि तुमची खोली, तुमचा पलंग आणि खिडकीतून दिसणारा रस्ता तिला दाखवायला दुपार पुरेशी आहे.